सोपवायचं कुणी

१७९०. दुसरा महिना, ८ तारीख

पेलेगला निवडलं! गावसभेत कुणीतरी त्याचं नाव घेतलं आणि हा 'नको' म्हणायला उठेपर्यंत हात वर झालेसुद्धा. आता माझा नवरा अमेरिकेच्या नव्या राज्यघटनेवर मत देणार. दोन गायी गव्हाणीवर भांडल्या तर कुणाची बाजू घ्यावी हे ज्याला ठरवता येत नाही, तो!

गावाने हातपाय बांधूनच पाठवलंय म्हणा. मत द्यायचं ते 'नाही'चंच. बाकीची बारा राज्यं संघात गेली, एकटं आमचं ऱ्होड आयलंड बाहेर. बॉस्टनवाले आम्हाला लुच्च्यांचं बेट म्हणतात. म्हणू देत. त्यांनी हाकललेल्या माणसांनीच हे राज्य वसवलं. आमच्या मित्रसमाजाच्या — लोक ज्यांना क्वेकर म्हणतात त्या — बाईला त्यांनी फासावर चढवलं होतं. त्यांचं आमच्याविषयीचं मत आम्हाला काही नवीन नाही.

"सभेत तू बोललास काय?" मी विचारलं.

"म्हटलं, हे ओझं माझ्याच्याने पेलणार नाही."

"मग?"

"सगळे हसले. त्यांना वाटलं विनोद केला."

दुसरा महिना, १४

माझा धाकटा भाऊ जेबेझ आला, प्रोविडन्सहून. गलबतं बांधतो. आम्हाला शस्त्र वर्ज्य, आणि याने इंग्रजांशी झालेल्या युद्धात जहाजांवर तोफा चढवल्या, म्हणून मित्रसमाजाने त्याला काढून टाकलं, पण माझ्या स्वयंपाकघरातून त्याला कोण काढणार! बसल्या बसल्या मक्याच्या भाकऱ्यांची चळत संपवली आणि पेलेगच्या मागे लागला.

"दाजी, दोर मॅसॅच्युसेट्सचा, लाकूड कनेटिकटचं. उद्या काँग्रेसने आपल्याला परका देश ठरवलं तर माझ्या एकेका खिळ्यावर जकात बसेल. माझी माणसं काय खाणार? तुमची तत्त्वं?"

"तत्त्वं गावाची आहेत. मी नुसता निरोप घेऊन जाणार."

"पण वाचलीत का घटना? आपण एवढेसे. सिनेटमध्ये व्हर्जिनियाचे दोन आणि आपलेही दोन! लहान राज्यं अडून बसली म्हणून हे मिळालं. पुन्हा कोण देईल? तुम्ही लोक शपथ घेत नाही, तर तुमच्यासाठी 'शपथ किंवा वचन' असं लिहिलंय. आणखी काय हवं?"

पेलेग उठला, कागद घेऊन आला आणि एकेका ओळीवर बोट ठेवत गेला. गुलाम आणणारी जहाजं १८०८ सालापर्यंत काँग्रेसने अडवायची नाहीत. दक्षिणेच्या जागा मोजताना पाच गुलामांमागे तीन माणसं धरायची. आणि एका राज्यातला गुलाम पळून दुसऱ्यात गेला, तर मागणाऱ्याला तो सोपवला जाईल.

"तुला मिळालेल्या तडजोडीची ही दुसरी बाजू," पेलेग म्हणाला. "ते दोन सिनेटर आपल्याला फुकट नाही मिळालेले. फक्त भरपाई दुसऱ्याच माणसांकडून घेतली."

क्वाको दारात उभा होता, नवं पिंप घेऊन. कधीपासून, कोण जाणे. क्वाको म्हणजे रोझानाचा नवरा. रोझाना माझ्याबरोबर चीज करते. इथेच जन्मलेली, मुक्त बाई. क्वाको मात्र व्हर्जिनियाच्या जहाजातून एक दिवस आमच्या खाडीत उतरला आणि परत चढला नाही. पिंपं करतो. त्याची पिंपं गळत नाहीत. कुठून आला ते गावाला माहीत आहे. गाव बोलत नाही.

"पाचाचे तीन का?" क्वाको म्हणाला. "म्हणजे तिकडे मी अर्ध्याहून थोडा जास्त आणि इकडे पुरता. येताना बोटीत बराच वाढलो म्हणायचा!"

जेबेझ हसायला गेला आणि राहिला.

दुसरा महिना, २०

दही फुटलं की रोझाना गुणगुणते, आज नाही. शेवटी म्हणाली, "हिटीबाई, ते 'सोपवला जाईल' — आपण संघाबाहेर असेपर्यंत ते आपल्याला लागू नाही ना?"

नाही, म्हटलं.

"मग बाहेरच बरं."

तिसरा महिना, ७

पेलेग परतला. आठवडाभर बसून निकाल काहीच नाही! दुरुस्त्यांची लांबलचक यादी केली — धर्माचं स्वातंत्र्य, पंचांपुढे खटला, विनाकारण झडती नको — आणि पुढची बैठक मे महिन्यात न्यूपोर्टला, असं म्हणून उठले. (जेबेझ इथे असता तर म्हणाला असता, बघ, 'मे' म्हणालीस! पाचवा महिना. मित्रसमाजात महिन्यांना देवांची नावं नाहीत, नुसता आकडा.)

पेलेग गुलामांच्या जहाजांविरुद्ध बोलला. तेव्हा मागच्या बाकावरून एकजण ओरडला, "ती जहाजं कुणाची आहेत, पेलेग? निम्मी आपल्याच बंदरातली! दक्षिणेला कसला शहाणपणा शिकवतोस?"

"मग तू काय म्हणालास?"

"काय म्हणणार? तो खरं बोलत होता."

संघाच्या बाजूने सगळ्यात जास्त बोलले ते आमच्याच भागातले न्यायाधीश एबर पेकम. त्यांना अख्खी घटना पाठ आहे, आणि आपल्याला ती पाठ आहे हेही ते विसरू देत नाहीत. आम्ही मित्रसमाजाचे लोक राजालाही तू म्हणतो, टोपी कुणापुढे काढत नाही. एबरला याचा भारी राग. "पेलेग," म्हणे, "तुझ्या डोक्यापेक्षा तुझी टोपीच जास्त हट्टी आहे."

चौथा महिना, १८

नातू झाला. परदेशात! लेक ओढ्यापलीकडे, मॅसॅच्युसेट्समध्ये नांदते — इथून दुसऱ्या टेकडीवरून तिचं छप्पर दिसतं.

पाचवा महिना, २१

जेबेझ पुन्हा आला. या वेळी भाकरीला हात लावला नाही.

सिनेटने ठराव केलाय. ऱ्होड आयलंडशी सगळा व्यवहार बंद — जहाज नाही, गाडी नाही. आणि प्रोविडन्स गप्प बसणार नाही. राज्याने घटना नाकारली तर प्रोविडन्स राज्यातून फुटून एकटंच संघात जाणार. न्यूपोर्टही त्याच वाटेने.

"राज्याचा तुकडा पडणार," जेबेझ म्हणाला. "तुमच्या हातात राहतील गायी आणि दगड. आणि हे शांतपणे होणार नाही, दाजी. बंदरावरची माणसं मी रोज बघतो. तोफा कुठे ठेवल्यात तेही मला ठाऊक आहे. मीच चढवल्या होत्या."

पेलेगने चुलीतलं लाकूड पुढे सारलं. मग म्हणाला, "राज्यांनी संघातून फुटायचं नाही, पण शहराने राज्यातून फुटायचं?"

"तत्त्व म्हणून विचारू नका. पोट म्हणून विचारा."

मला माझ्या भावाचा राग आला. आणि जाताना त्याच्या कोटाला ठिगळ दिसलं, तेव्हा रागही धड करता येईना.

पाचवा महिना, २३

पेलेग उद्या नावेने न्यूपोर्टला. आज दुपारी क्वाकोच्या कामाच्या खोपटात गेला. मी मागोमाग गेले. ऐकायचं नव्हतं, पण ऐकलं.

"क्वाको, मी 'नाही' म्हणणार आहे. गावाने सांगितलंय म्हणून, आणि माझं मनही तेच सांगतंय म्हणून. पण आम्ही कदाचित हरू."

क्वाको फळी तासत राहिला. "हरलात तर मला कधी कळवाल?"

"मी स्वतः येऊन सांगेन."

"मग जा. वारं चांगलं आहे."

त्याची छोटी ल्यूस लाकडाच्या साली डोक्याला बांधून बसली होती. न्यायाधीश झालेय म्हणाली. एबरचा केसांचा टोप!

पाचवा महिना, २७

बातमी नाही. चीज उलटवलं. पुन्हा उलटवलं. रोझाना म्हणाली, "हिटीबाई, आजच्यापुरतं त्या चीजला झोपू द्या."

पाचवा महिना, ३०

चौतीस विरुद्ध बत्तीस. संघात गेलो.

पेलेग भिजून आला. बूट काढले. मी सूप दिलं. अर्धं झाल्यावर म्हणाला, "दोन मतं, हिटी. आमच्या बाजूचे चारजण त्या दिवशी आलेच नाहीत. एकाला ताप, एकाची घोडी लंगडी... जे आले नाहीत, त्यांनीच ठरवलं."

"तू?"

"नाही म्हणालो. मोठ्याने."

"मग झालं. तुझं तू केलंस."

त्याने चमचा खाली ठेवला. "ऐक, आणि कुणाला सांगू नकोस. आकडा वाचला आणि मला हायसं वाटलं. बंदरात घंटा वाजायला लागल्या, लोक रडत होते, एकमेकांना मिठ्या मारत होते. मनात आलं, आता तोफा निघणार नाहीत. जेबेझची माणसं जेवतील. नातवाला बघायला जाताना कुणी अडवणार नाही. मला बरं वाटलं, हिटी! आणि मग क्वाको आठवला."

मलाही बरंच वाटलं होतं.

पाचवा महिना, ३१

पेलेग क्वाकोला सांगून आला. त्याने काय म्हटलं, विचारलं.

"म्हणाला, स्वतः येऊन सांगतो म्हणालात, आलात. मग पिंपाची कडी ठोकायला लागला. मी निघेपर्यंत वर बघितलं नाही."

सातवा महिना, १२

सगळं लिहून काढते.

सकाळी आम्ही दही कापत होतो. ल्यूस धावत आली — "बाबाला दोरी बांधली!" रोझानाच्या हातातली सुरी परातीत पडली. आम्ही दोघी तशाच ओल्या हातांनी रस्त्यावर. पेलेग कुरणातून धावत आला. त्याला मी लग्नानंतर कधी धावताना पाहिलं नव्हतं.

व्हर्जिनियाचा माणूस होता, थॉर्नबी नावाचा, चांगल्या कापडाचा कोट, बरोबर न्यूपोर्टहून आणलेले दोन दांडगे. क्वाकोचे हात मागे बांधलेले. ओठ फुटला होता. गाव गोळा झालं होतं. कुणीतरी म्हणालं, न्यायाधीशाकडे चला. थॉर्नबी म्हणाला, "आनंदाने. कायदा माझ्या बाजूने आहे."

एबर जेवत होता. गळ्याला रुमाल, पुढ्यात वाटाणे. आम्ही सगळे त्याच्या दिवाणखान्यात घुसलो. माझ्या मनात आलं, संपलं. या माणसाने तर त्या घटनेला स्वतःचं मत दिलंय!

थॉर्नबीने कागद पुढे ठेवला. "हा क्वाको माझ्या धन्याचा. पळालेला आहे. आता आपलं राज्य संघात आहे, महाशय. घटनेत स्पष्ट लिहिलंय, मागणाऱ्याला सोपवला जाईल."

"लिहिलंय," एबर म्हणाला. "मीच मत दिलं."

रोझानाने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की अजून निळं आहे.

एबरने रुमालाला हात पुसले, चष्मा लावला, कपाटातली स्वतःची प्रत काढली. पाठ असताना! सावकाश वाचलं. "'सोपवला जाईल.' बरोबर. कुणी सोपवायचा?"

"म्हणजे?"

"म्हणजे कुणी? गव्हर्नरने? त्याचं नाव इथे नाही. काँग्रेसने? तेही नाही. मी? माझं तर नाहीच. फिलाडेल्फियात मोठी मोठी माणसं दारं-खिडक्या लावून अख्खा उन्हाळा बसली, शब्द शब्द पारखला. इथे नाव घातलं नाही, याचा अर्थ नाव ठरवायला त्यांचं एकमत झालं नाही. त्यांना जमलं नाही ते मी जेवता जेवता ठरवू?"

"ही संघाशी बेइमानी आहे!"

"अहो, मी अमेरिकेत सामील झालो. व्हर्जिनियात नाही."

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. थॉर्नबी लाल झाला. "मी त्याला असाच घेऊन जाऊ शकतो."

"न्या की. पण आमच्या राज्यात माणसाला पंचांपुढे न आणता बांधून नेलं तर त्याला पळवून नेणं म्हणतात. त्याची शिक्षा मात्र कुणी द्यायची ते अगदी स्पष्ट लिहिलेलं आहे. मी द्यायची. दोर सोडा."

त्या दोन दांडग्यांनी एकमेकांकडे पाहिलं. ते न्यूपोर्टचेच, उद्या याच भागात राहायचं होतं त्यांना. एकाने सुरी काढली आणि दोर कापला.

थॉर्नबी जाताना म्हणाला, "याची तक्रार वरपर्यंत जाईल."

"जाऊ दे," एबर म्हणाला. "वाटाणे गार झाले."

सगळे गेल्यावर पेलेग पुढे झाला. "एबर, तुझे उपकार विसरणार नाही."

"कसले उपकार? माझ्या सफरचंदाच्या सायडरची अर्धी पिंपं व्हायची आहेत अजून." मग चष्म्यावरून बघत म्हणाला, "तू 'नाही' म्हणालास, मी 'हो' म्हणालो. बोल, आज कोण बरोबर ठरलं?"

"दोघंही. म्हणून तर भीती वाटते. आज तो सुटला तो एका राहून गेलेल्या शब्दामुळे. उद्या कुणी तो शब्द घातला तर?"

"घालतील कधीतरी," एबर म्हणाला. "लगेच नाही. तडजोड करून घरी गेलेली माणसं पुन्हा त्याच टेबलाशी बसायला फार वेळ लावतात."

आणि मग — "टोपी काढ, पेलेग. माझं घर आहे हे." पेलेगने काढली नाही. एबरनेही पुन्हा सांगितलं नाही.

सातवा महिना, १३

क्वाको कामावर. ओठ सुजलेला. पहिलं पिंप एबरचं.

१७९१. अकरावा महिना, २

एबर पेकम गेला. जेवताना पुढे झुकला तो उठलाच नाही. पेलेग प्रेताला खांदा द्यायला गेला, टोपी घालूनच. एबरची बायको म्हणाली, "त्यांना आवडलं असतं. भांडायला निमित्त."

मला वाटलं नव्हतं मी त्या माणसासाठी रडेन.

१७९१. बारावा महिना, २८

जेबेझने बातमी आणली: हक्कांच्या दुरुस्त्या घटनेत गेल्या. कुणावर धर्म लादायचा नाही, पंचांपुढे खटला. "दाजी, तुमच्यासारख्या अडेलतट्टूंनी 'नाही, नाही' केलं म्हणून हे झालं," तो म्हणाला. "मी तेव्हा शिव्या दिल्या होत्या."

"मला आठवतात," पेलेग म्हणाला.

दोघं हसले. पुष्कळ दिवसांनी.

१७९२. पाचवा महिना, १०

राज्याच्या सभेने एबरच्या जागी आमच्या गावाला न्यायाधीश नेमला. पेलेग! नको म्हणणार होता. पण रोझाना स्वतः येऊन उभी राहिली. "पेलेगभाऊ, त्या खुर्चीत कुणीतरी बसणारच. तुम्ही बसलात तर क्वाको रस्त्यावरून मान वर करून चालेल."

हा बसला. कज्जे येतात ते डुकरांचे आणि कुंपणांचे. रात्री झोपेत पुटपुटतो, "डुक्कर कुणाचं?"

क्वाकोने त्याला बसायला नवं स्टूल करून दिलंय.

१७९३. तिसरा महिना, ९

जेबेझ वर्तमानपत्र घेऊन आला. पेलेग शेताच्या पार टोकाला, कुंपणाचे दगड लावत होता.

काँग्रेसने तो शब्द घातला. मालकाने माणूस धरावा, जवळच्या न्यायाधीशापुढे उभा करावा, न्यायाधीशाने नेण्याचा दाखला द्यावा. पंच नाहीत. लपवणाऱ्याला जबर दंड.

जवळचा न्यायाधीश माझा नवरा. राजीनामा दिला तर दुसरा कुणी सही करेल. राहिला, तर विचारल्यावर तो खोटं बोलणार नाही — त्याला येतच नाही.

जेबेझ खाली मान घालून बसला होता. "हिटी, या संघासाठी मी घसा फोडला. अजूनही म्हणेन, दुसरा मार्ग नव्हता." मग उठला. "माझं गलबत खाडीत उभं आहे. भरती आहे."

दुपारी लख्ख उन्हात चीजच्या पिंपांबरोबर तिघं चढली. रोझानाने मला मिठी मारली. ल्यूसने हात हलवला. क्वाकोने मागे बघितलं नाही.

पेलेग आला. मी आधी जेवायला वाढलं, मग कागद दिला. वाचून झाल्यावर तो खिडकीशी गेला, क्वाकोच्या घराकडे बघत राहिला. धुराड्यातून धूर नव्हता. माझ्याकडे वळला, तोंड उघडलं — आणि मिटलं. विचारलं नाही.

आता त्याला कुणीही विचारू दे. त्याला खरंच माहीत नाही. माहीत आहे मला, आणि बाईला आजवर कुठल्या सभेत कुणी काही विचारलं आहे?

कुठे गेली ते इथेही लिहिणार नाही.